शिट्टी वाजवणारी कवळी

कवळीकाकांना सगळी कॉलनी कवळीकाकाच म्हणे, आणि तेही तोंडावर. काकांना त्यात काही वावगं वाटत नसे. "सगळा जन्म लोकांच्या तोंडात गेला, मग लोक दुसरं काय म्हणणार?" असं वर तेच सांगायचे. काम खरंच तसं होतं. दातांचे डॉक्टर हिरड्यांचे प्लास्टरचे साचे पाठवायचे, काका त्यांवर मेणात एकेक दात रचायचे, मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरायचे, उकळत्या पाण्यात ते पक्कं करायचे, घासायचे, चमकवायचे आणि कुणाचं तरी हसू डबीत घालून परत धाडायचे. ती माणसं त्यांना कधी भेटत नसत. पण बसस्टॉपवर एखादी म्हातारी खळखळून हसली की काका टक लावून बघत राहायचे, आणि शेजारून बायकोचं कोपर बसायचं. "अहो, तुम्ही दात बघताय हे तिला कुठं माहीत आहे?"

घर शेवटच्या रांगेत. मागच्या बाजूला लांबट, चिंचोळी बाग आणि तिच्या पार टोकाला पत्र्याच्या छताची काकांची कामाची खोली. एका टोकाला स्वयंपाकघराचं दार, दुसऱ्या टोकाला खोलीचं दार, आणि मधली सगळी जमीन बायकोच्या ताब्यात. तिनं तिथं हाताला लागेल ते लावलं होतं. कुणाकडून फांदी मागून आणायची, कुणाच्या कुंपणातलं बी पदरात पाडून घ्यायचं आणि दिसेल त्या जागी खुपसायचं. जास्वंदीच्या कुशीत कण्हेर, कण्हेरीच्या पायाशी सदाफुली, गुलाबाच्या उरावर जाई, आणि या सगळ्यांना न जुमानता मागच्या भिंतीवरून थेट खोलीच्या पत्र्यावर चढलेली मधुमालती. मधुमालतीचं फूल उमलतं पांढरं, मग गुलाबी होतं, मग लाल. "एका झुबक्यात तिन्ही पिढ्या नांदतात," असं बायको कौतुकानं म्हणायची. औषध फवारायचं नाही आणि अळी मारायची नाही हा तिचा कायदा होता, त्यामुळे पानांची चाळण झालेली असे आणि पाखरं गलेलठ्ठ. बुलबुल यायचे, शिंजीर यायचे, पानं शिवून घरटं करणारा शिंपी यायचा. भिंतीत एक बंद पडलेला पाइप होता, त्याच्या तोंडावर मधुमालतीचा पडदा होता, आणि आत काळ्या-पांढऱ्या दयाळ पक्ष्यानं संसार थाटला होता. काकांना यातलं काही कळत नसे. बाग म्हणजे चहाला जाताना वाटेत आडवी येणारी गोष्ट, एवढीच त्यांची समजूत.

आता शिट्टीचं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे.

लेक अजून शाळेतही जात नव्हती तेव्हाची गोष्ट. बायको सायकलवरून पडली आणि तिचे समोरचे वरचे दात गेले. काका धंद्यात नवे होते. बायकोला दुसऱ्याच्या हातचे दात कसे लावू द्यायचे? त्यांनी जीव ओतून कवळी केली, आणि जीव जरा जास्तच ओतला गेला. समोरच्या दातांमागं टाळूचा भाग जाड झाला आणि त्यात मधोमध एक अरुंद खाच राहून गेली. दात दिसायला मोत्यांसारखे होते, पण बायकोनं तोंड उघडून "साखर संपलीये" म्हटलं आणि दोन्ही 'स' शीळ घालत बाहेर आले. कवळीवाल्यांच्या धंद्यात यापरती नामुष्की नाही. काकांचं तोंड पडलं. "काढ ती. मी दुसरी करतो," ते म्हणाले.

बायकोनं मात्र खाचेवर जीभ टेकवून फुंकून बघितलं. खणखणीत शिट्टी वाजली. पहिला सूर खालचा, दुसरा वरचा आणि शेवटाला एक छोटीशी गिरकी. ती स्वतःच दचकली आणि मग हसत सुटली. "राहू दे हो. तुमची ती मोटर चालू असली की मी घसा फोडून ओरडते आणि तुम्हाला ऐकू येत नाही. हे येईल."

आणि आलं. घासायच्या मोटरच्या घरघरीतून माणसाचा आवाज काकांपर्यंत पोचत नसे, पण ती शिट्टी सुईसारखी आरपार यायची. शिट्टी आली की काका मोटर बंद करून "आलो गं" म्हणायचे आणि फांद्या बाजूला सारत चहाला जायचे. पुढं हात बसला, नाव झालं, शीळ घालणाऱ्या कितीतरी कवळ्या लोकांनी त्यांच्याकडे आणल्या आणि त्यांनी त्या गप्प करून दिल्या. बायकोच्या हिरड्या बदलल्या तशी तिची कवळीही त्यांनी पुन्हापुन्हा नव्यानं बसवली, पण दर वेळी ती बजावायची, "खाचेला हात लावाल तर खबरदार." काकांची पहिली चूक आयुष्यभर तिच्या तोंडात सुखानं नांदली.

मग एका थंडीत बायकोला ताप आला, ताप छातीत उतरला आणि ती गेली. दवाखान्यातून एका पिशवीत चष्मा, घड्याळ आणि एका डबीत कवळी परत आली. काकांनी ती डबी खोलीतल्या फडताळात, प्लास्टरच्या पोत्यामागं ठेवून दिली. उघडली नाही.

लेक दूरच्या शहरात फिजिओथेरपिस्ट. आली, सगळं हातात घेतलं, आल्यागेल्या माणसांना काय हवं-नको ते बघितलं, कागदपत्रं केली, आणि या सगळ्यात तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. "बाबा, माझ्याकडे एक खोली तुमच्यासाठी तयारच आहे," एवढं जाताना म्हणाली. तिचं घर सातव्या मजल्यावर होतं. काका म्हणाले, "बघू."

त्यानंतरच्या एका दुपारी काका खोलीत नुसतेच बसले होते. काम नव्हतं, मोटर बंद होती. आणि बागेतून शिट्टी आली. खालचा सूर, वरचा सूर, गिरकी.

"आलो गं," काका म्हणाले, उठले आणि चालू लागले. स्वयंपाकघराच्या दारात पोचल्यावर त्यांना थंड शेगडी दिसली, आणि आपण कुणाला ओ दिली ते लक्षात आलं. ते तिथंच उंबऱ्यावर बसले. मागं मधुमालतीत पुन्हा शिट्टी झाली. वळून बघतात तर दयाळ. शेपटी उभारून, मान वर करून, बायकोची शिट्टी जशीच्या तशी घालत होता. इतकी वर्षं पाइपाच्या तोंडाशी बसून तो आणि त्याचे वाडवडील दुसरं काय ऐकत होते?

त्या दिवसापासून काकांचं घड्याळ तो पक्षी झाला. तो शीळ घालेल तेव्हा चहा. आता पाखराला काय वेळेचं भान! कधी अर्धा दिवस चहाचा पत्ता नाही, तर कधी एका कपाचा घोट घशाखाली उतरतोय तोवर दुसरं बोलावणं. काका मुकाट्यानं पुन्हा आधण ठेवायचे. फोनमध्ये बायकोचे फोटो पुष्कळ होते, पण आवाज कुठंच नव्हता. तो त्या एका पाखराच्या गळ्यात तेवढा शिल्लक होता.

हे त्यांनी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. लेकीला तर नाहीच. तिला सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती हे त्यांना पाठ होतं. "बाबा, एकटं राहून भास होतात. बॅग भरा."

आणि मग मधुमालतीनं घात केला. तिची एक फांदी वाटेवर आली होती, तीत काकांचा पाय अडकला आणि गुडघा सडकून आपटला. शेजारी एक निवृत्त मेट्रनबाई राहायच्या, आख्ख्या दवाखान्याला धाक दाखवून आता कॉलनीला दाखवणाऱ्या. त्यांनी गुडघा बांधला आणि लगोलग लेकीला फोन केला. लेक सुट्टी टाकून आली. तिला माणूस दिसतच नाही, सांधे दिसतात. बाप दिसायच्या आधी बापाचा गुडघा दिसला आणि त्यानंतर बाग.

"हे सगळं आधी साफ करून घेऊ. जंगल झालंय नुसतं."

"राहू दे गं. बरी दिसते."

"काय बरी दिसते? पायात येते ती. उद्या खुब्याचं हाड मोडलं तर मी तिथून धावत येऊ?"

इथं काकांना बोलता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण भासाचं, बॅगेचं, सातव्या मजल्याचं भय आड आलं, आणि ते म्हणाले, "बघ तुझं तू." आयुष्यात माणसं जी सर्वांत वाईट वाक्यं बोलतात त्यांतलं हे एक, आणि ते किती सहज तोंडातून जातं. काकांना वाटलं, वाटेवरच्या चार फांद्या छाटतील, आणखी काय.

दुसऱ्या दिवशी माळी आला. काका खोलीत होते. एका जुन्या डॉक्टरांनी कुणाची तरी मोडकी कवळी गळ घालून पाठवली होती, ती सांधून झाली होती आणि मोटरवर घासायची होती. मोटर घरघरत होती. बाहेर काय चाललंय ते त्यांना ऐकू आलं नाही. ऐकू यावं म्हणून शिट्टी मारणारं कुणी नव्हतं.

बाहेर आले तेव्हा समोर उजेडच उजेड होता. भिंत उघडी, तिच्यावर तोडलेल्या वेलीचे डाग. जास्वंद गुडघ्याएवढी उरली होती. माळी चांगला माणूस होता, कामात कसूर न करणारा. त्यानं पाइपाचं भोक पाहिलं आणि विंचू-बिंचू शिरेल म्हणून सिमेंटनं बुजवूनही टाकलं. "बघा काका, किती मोकळं वाटतंय!"

लेक चहाचे कप घेऊन आली. चेहरा उन्हानं लाल झालेला, हाताला ओरखडे, आणि बापासाठी काहीतरी केल्याचं समाधान. काकांना तिचा राग आला. असा राग त्यांना तिच्या उभ्या आयुष्यात आला नव्हता. ते म्हणाले, "छान झालं."

लेक परत गेल्यावर दयाळ एकदा येऊन गेला. उघड्या भिंतीवर बसला, सिमेंटच्या ठिपक्यापाशी फडफडला, शेपटी वरखाली केली. शीळ घातली नाही. मग छपरांवरून पलीकडे गेला तो गेलाच. बुलबुल गेले, शिंपी गेला. उरले कावळे. काका ठरलेल्या वेळी चहा करू लागले, आणि त्या चहाला चव नव्हती.

मधुमालती मात्र चिवट. मुळाशी उरलेल्या खुंटातून ती पुन्हा फुटली. काकांनी तिला काठ्यांचा आधार दिला, पाणी घातलं, आणि प्लास्टर फोडायची छिन्नी घेऊन पाइपातलं सिमेंट टवके टवके करून काढलं. वेल भिंतीच्या माथ्याला लागली तेव्हा पुढचा मोसम आला होता, आणि एका सकाळी एक पोरगेला दयाळ तिच्यात येऊन बसला. पिसं अजून धड काळी न झालेली, गळा तयार न झालेला. जुन्याचा मुलगा की कुठला उपरा, देव जाणे. काका श्वास रोखून उभे राहिले.

त्यानं शिंजिराचे दोन सूर घेतले, बुलबुलाचा एक घेतला, आणि मग पिप, पिप, पिप, पिप. कॉलनीत सामान आणणारी गाडी मागं जाताना वाजते तसं, हुबेहूब. शिट्टी नाही.

काका दिवसभर खोलीत बसून राहिले. जुन्याला शिट्टी शिकवली ती बायकोनं. याला ती कुणी ऐकवलीच नव्हती. म्हणजे आता ऐकवायला हवी होती, आणि ऐकवणारं आपल्याशिवाय कुणी उरलेलं नाही. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. फुस्स. काकांचे स्वतःचे दात केव्हाच पडले होते, आणि स्वतःसाठी त्यांनी जी कवळी केली होती ती म्हणजे त्यांच्या हातची कमाल होती. कडक सफरचंद करकरून तोडणारी, 'स'ला कुठं गालबोट न लावणारी. शिट्टीला तिच्यात तसूभर जागा नव्हती.

तेव्हा त्यांनी प्लास्टरच्या पोत्यामागची डबी काढली.

उघडल्यावर थोडा वेळ त्यांना काही दिसेना. मग चष्मा पुसला आणि कवळी दिव्याखाली धरली, धंद्यातल्या माणसासारखी. जाडी तिथंच होती. खाच तिथंच होती, जिभेनं वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेली. त्यांनी मेण ऊन केलं, त्या खाचेवर अलगद दाबलं आणि तिचा ठसा घेतला. मग आपल्या स्वतःच्या साच्यावर नवी कवळी रचायला बसले.

पहिली नुसतीच बोबडी निघाली. दुसरीत सूर होता पण खालचाच. काका खरवडायचे, मेण लावायचे, तोंडात घालून फुंकायचे, मान हलवायचे, पुन्हा खरवडायचे. ज्या दोषावर त्यांनी उभ्या जन्मात कानस चालवली, तोच दोष ते आता डोळ्यांत तेल घालून घडवत होते. एखाद्या डॉक्टरानं ती कवळी पाहिली असती तर काकांना पुन्हा काम दिलं नसतं. शेवटी एकदा खालचा सूर वाजला, मागोमाग वरचा. गिरकी काही साधली नाही. पण खोलीत कितीतरी दिवसांनी ती शिट्टी झाली, आणि काकांनी टेबलावर डोकं टेकून हुंदका दिला.

दुसऱ्या सकाळपासून शिकवणी सुरू झाली. काका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून शीळ घालत आणि मधुमालतीकडे बघत. दोन-चार दिवसांनी कुंपणावरून मेट्रनबाईंचं डोकं वर आलं.

"कवळीकाका, या वयात शिट्ट्या?"

"अहो, तुम्हाला नाही."

"मला नाही ते दिसतंय. मग कुणाला?"

काकांची दातखीळ बसली. "स... सहज," ते म्हणाले, आणि तो 'स' शीळ घालत कुंपणापलीकडे गेला. मेट्रनबाईंनी भुवया वर चढवल्या आणि केस सारखे करत घरात गेल्या. त्यानंतर त्या बागेत आल्या की चांगली साडी नेसून येऊ लागल्या. बिचाऱ्या काकांना याचा पत्ता नव्हता.

विद्यार्थी मात्र ढ निघाला. काकांनी शीळ घातली की मान तिरकी करायचा, एका डोळ्यानं निरखायचा, जणू आता घेईलच. आणि मग पिप, पिप, पिप. काका पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

लेकीचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा. त्या आधी काका आठवणीनं नवी कवळी काढून आपली जुनी, चांगली घालत. पण त्या रविवारी तिनं लवकर केला. काका बागेतच होते, खिशात फोन वाजला आणि विचार न करता त्यांनी तो घेतला.

"बाबा, काय खाल्लंत?"

"सूप केलंय. सकाळचा पाव शिल्लक आहे, तो संपवेन."

पलीकडे सगळं शांत झालं.

"अगं, ऐकू येतंय ना?"

"परत बोला."

"काय बोलू?"

"आत्ता बोललात तेच. सूप." तिचा आवाज चिरकला होता. "बाबा, आई असंच बोलायची. तिचा 'स' असाच होता. तुम्ही... तुम्ही कसं काय?"

काकांना वाटलं, आता बॅग भरावी लागणार. पण लपवायला काही उरलंच नव्हतं. उंबऱ्यावर बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं. चुकलेली कवळी, दयाळ, चहा, मधुमालती, पाइप, डबी. प्रत्येक 'स' शीळ घालत होता आणि पलीकडे लेक रडत होती. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"मी तिथंच उभी होते, बाबा. माझ्यासमोर तोडली ती वेल. एका शब्दानं बोलला असतात तर?"

"सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुला भास वाटेल. आणि ती शिट्टी... ती आमच्या दोघांची होती गं."

"दोघांची?" लेक म्हणाली. "आणि मी? मी कॉलनीत खेळायला जायचे तेव्हा अंधार पडल्यावर मला कोण बोलवायचं? हाक मारायची का ती? शिट्टीच मारायची. आख्ख्या मैदानातून मला ऐकू यायची. तुम्ही असायचात तुमच्या खोलीत. ती काय फक्त तुमची होती?"

काकांना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यांची मोटर चालू असायची, आणि आपल्याला ऐकू येणारी शिट्टी आपल्यासाठी नसेलही कधी, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. चहा नसताना ते उगाच घरात गेल्यावर बायको का हसायची ते आता त्यांना कळलं.

"बाबा," लेक म्हणाली, "वाजवा ना."

"गिरकी येत नाही मला."

"असू दे."

काकांनी फोन तोंडाजवळ धरला, जीभ खाचेवर टेकवली आणि फुंकर घातली. खालचा सूर, वरचा सूर.

दूरच्या शहरात, सातव्या मजल्यावरून, लेकीच्या तोंडून आपसूक निघालं, "आले गं आई."

फोन कुणीच ठेवला नाही. बागेत अंधार पडू लागला होता, मधुमालतीची नवी फुलं पांढरी उमलत होती, आणि तिच्यात बसून तो पोरगेला दयाळ आपली गाडी मागं घेत होता.